हिमालयन ४११: पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं करू की मागचं ४० चं?

घाटवाट४११

गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) कंपनीचीच: पुढे १५ दात, मागे ३८. डबल सीट आणि दोन्ही बाजूंना भरलेले पॅनिअर (सामानाच्या पेट्या). ताम्हिणी, वरंध अशा घाटांत अवघड वळणानंतर लगेच चढ लागला की दुसऱ्या गिअरात इंजिन धडधडतं, पहिला टाकावा तर नुसतं ओरडतं. जुलैत मनाली-लेह ठरलंय. तिथे हाफ क्लचवर चढवत बसलं तर क्लच प्लेटांचं काही खरं नाही.

सगळे म्हणतात पुढचं १४ चं टाक, स्वस्तात काम होतं. मला नेमकं हवंय ते असं: फरक किती पडेल, चेन तीच चालेल का, स्पीडोमीटर चुकेल का, आणि पुणे-कोल्हापूर ९० ने जाताना किती जाच होईल? चेन सेट १४,००० किमी चाललेला आहे.

पाना_१७

मागचे दात भागिले पुढचे दात, एवढंच गणित.

३८/१५ = २.५३ (आत्ताचं)
३८/१४ = २.७१ (७.१ टक्के जास्त)
४०/१५ = २.६७ (५.३ टक्के जास्त)
४१/१५ = २.७३ (७.९ टक्के जास्त)

म्हणजे तुमच्या गाडीला पुढचा एक दात कमी करणं हे मागे पावणेतीन दात वाढवण्यासारखं आहे. पुढचं बदललं की मोठी उडी बसते. बारीक फरक हवा असेल तर मागचंच बदलावं लागतं.

७ टक्के म्हणजे प्रत्यक्षात काय? प्रत्येक गिअरात चाकावर ७ टक्के जास्त ओढ, आणि त्याच वेगाला इंजिन ७ टक्के जास्त फिरणार. ९० च्या वेगाला आरपीएमचा काटा आज ज्या आकड्यावर असतो त्याला १.०७ ने गुणा. ५००० असेल तर ५३५० होईल. उलट बाजूने, आज ज्या आरपीएमला ९० मिळतात त्याच आरपीएमला ८४ मिळतील. ४११ चं इंजिन वरच्या आरपीएमला किती थरथरतं ते तुम्हाला माहीतच आहे. पुणे-कोल्हापूर महिन्यातून चारदा होत असेल तर हा फरक हाताला आणि बुडाला जाणवेल.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. दुसऱ्यात धडधड आणि पहिल्यात ओरडा, ही तक्रार पहिल्या-दुसऱ्या गिअरमधल्या अंतराची आहे. ते अंतर गिअरबॉक्सच्या आत ठरतं, स्प्रॉकेटने एका केसाइतकंही बदलत नाही. १४ टाकल्यावर दुसरा गिअर सात टक्के कमी वेगापर्यंत तग धरेल, पण पहिला सात टक्के लवकर ओरडायला लागेल. तुमची वळणं दुसऱ्याच्या उंबरठ्यावर अडत असतील तर उपयोग होईल. पहिल्यातच चढावं लागत असेल तर वेग आणखी कमी होईल, पण हाफ क्लच मात्र कमी लागेल.

लेहच्या बाजूला ५००० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर असतो, इंजिनचा दमही त्याच मापाने घटतो. ७ टक्क्यांनी ती तूट भरून निघत नाही. पाण्याच्या नाल्यातून, दगडांतून चालण्याच्या वेगाने गाडी काढायची असते तिथे मात्र १४ चा फायदा खरा आहे.

स्पीडोमीटरचं: सेन्सर चाकावर असेल तर स्प्रॉकेटने काहीच फरक पडत नाही, गिअरबॉक्सवर असेल तर रीडिंग त्याच टक्क्याने चुकतं. सेन्सरची वायर कुठे जाते ते बघा. किंवा गाडी सेंटर स्टँडवर घेऊन पहिल्या गिअरात मागचं चाक हळू फिरवा. पुढचं चाक थांबलेलं असताना काटा शून्यावरच राहिला तर रीडिंग पुढच्या चाकावरून येतंय, चिंता मिटली. एबीएसचा दिवा त्या वेळी लागू शकतो. चावी बंद-चालू करून थोडं चालवलं की जातो.

साखळीवाला

गणित बरोबर आहे, पण १४ कायमचं ठेवू नका. चेन ५२० मापाची असो वा ५२५, तिची पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमीच. १५ दातांवर प्रत्येक कडी २४ अंशांत वळते, १४ वर २५.७ अंशांत. स्प्रॉकेट गोल दिसलं तरी चेनच्या दृष्टीने तो बहुकोन असतो, त्यामुळे चेन सरळ वेगाने न धावता हिसके खाते. हा चढउतार १५ दातांना २.२ टक्के, १४ ला २.५. शिवाय व्यास ७६.४ वरून ७१.३ मिमी होतो, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच टॉर्कला चेनवर ७ टक्के जास्त ताण. चेन आणि पुढचं स्प्रॉकेट दोन्ही लवकर संपणार.

अजून एक: त्रिज्या अडीच मिमी कमी झाली की चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी खाली उतरते. तिथली रबरी पट्टी घासून पातळ झाली असेल तर चेन ॲल्युमिनियम-लोखंड काही बघत नाही, सरळ कापत जाते. १४ टाकायच्या आधी ती पट्टी बघाच.

बराच वेळ ओझं घेऊन घाटांतच फिरणार असाल तर १५/४० करा. फरक सव्वापाच टक्के, चेनला त्रास नाही, हायवेलाही सुसह्य. मागचं घेताना फक्त दात मोजून घेऊ नका. बोल्टची भोकं किती, समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि प्लेटची जाडी, ही चारही मापं जुन्याशी ताडून बघा. जाडी चुकली तर चेन बसणारच नाही, मधलं भोक सैल असेल तर स्प्रॉकेट मध्य सोडून फिरतं आणि चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली होते.

१४,००० किमीच्या चेनचं मोजून ठरवा. चेन ताणून धरून २१ पिनांमधलं, म्हणजे २० कड्यांचं अंतर घ्या. नवी असताना ३१७.५ मिमी. ३२०.७ च्या पुढे गेली असेल तर १ टक्का ताणली आहे, नव्या स्प्रॉकेटवर ती घालू नका. ताणलेली चेन नव्या दातांच्या टोकाकडे चढून बसते आणि नव्या स्प्रॉकेटचे दात काही हजार किलोमीटरांत आकड्यासारखे वाकडे झिजतात.

घाटवाट४११

मोजलं, तीन ठिकाणी ३१८.५ ते ३१९. पट्टी ठीक आहे. मग लेहपुरतं १४, परत आल्यावर १५, असं चालेल का? आणि ४० टाकलं तर चेन वाढवावी लागेल का?

पाना_१७

चालेल. ३१९ म्हणजे अर्धा टक्काही नाही.

लांबीचा हिशेब सोपा आहे. कुठल्याही बाजूचा एक दात बदलला की एक्सल पाव पिच, म्हणजे सुमारे ४ मिमी सरकतो. पुढे १४ केलं तर चेन सैल होते, एक्सल ४ मिमी मागे घ्यावा लागतो. मागे ४० केलं तर दोन दातांचे ८ मिमी पुढे. ॲडजस्टरवर पुढच्या बाजूला ८ मिमी जागा आहे का ते आजच बघा. चेन थोडी ताणलेली आहे, बहुधा मिळेल. ती चेन संपून नवी मूळ कड्यांची टाकाल तेव्हा मात्र अडेल, कारण साधारण ११० कड्यांची चेन अर्धा टक्का ताणल्याने जे ४-५ मिमी मिळाले ते नवी टाकताच जातात. तेव्हा दोन कड्या जास्तीची घ्यावी लागेल. कड्या जोडीनेच वाढतात, एकटी वाढवायला लागणारी अर्धी कडी ही चेनमधली सगळ्यात कच्ची जागा, त्या वाटेला जाऊ नका.

कामाचा क्रम चुकला की दुपार जाते. आधी पुढचं कव्हर काढून लॉक वॉशरचे (नट फिरू न देणाऱ्या चकतीचे) दुमडलेले कान छिन्नीने सरळ करा आणि चेन जागेवर असतानाच, टायर जमिनीवर, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगून पुढचा नट ढिला करा. चेन काढल्यावर तो नट सुटत नाही, शाफ्टच फिरतो. नुसतं गिअरात टाकून जोर लावू नका, सगळा झटका गिअरच्या दातांवर जातो.

मग एक्सल नट सैल, ॲडजस्टर दोन्हीकडे सारखेच आत, चाक पुढे ढकला, मागच्या स्प्रॉकेटवरून चेन उतरवा, पुढचं सरकवून काढा. कव्हरच्या आत साचलेला ग्रीस-मातीचा थर काढलाच पाहिजे, त्यातच शाफ्टचं ऑइल सील गळत असेल तर दिसतं. शाफ्टच्या खाचा पुसा, नवं स्प्रॉकेट जुन्याच्याच बाजूने बसवा. उलटं बसलं तर चेन रेषेत राहत नाही. लॉक वॉशर नवा घ्या, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि कान दुमडा.

साखळीवाला

त्यात भर. मागच्या स्प्रॉकेटला हात लावलात तर ड्रममधली कश रबरं (झटके झेलणारी) दाबून बघा, कडक किंवा भेगाळलेली असतील तर बदला, आणि त्याचे नट आडवे-तिरपे आवळा, ओळीने गोल नको.

चाक सरळ बसवताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर फार विसंबू नका. पिव्हॉटच्या (स्विंगआर्म ज्यावर वर-खाली हलतो त्या बोल्टच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, १ मिमीच्या आत जुळलं पाहिजे.

चेनचा झोल (ढिलेपणा) मॅन्युअलप्रमाणे, पण चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजा. लेहसाठी आणखी एक खबरदारी: पॅनिअर आणि मागचा माणूस बसल्यावर, पुढचं स्प्रॉकेट, पिव्हॉट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते. त्या स्थितीतही बोटाने थोडी हलली पाहिजे. रिकाम्या गाडीवर छान ताठ बसवलेली चेन भरलेल्या गाडीत खड्ड्यात गेली की गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि सील दोन्ही खाते. शंका असेल तर ५ मिमी ढिली बरी.

ओ-रिंग चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको. जुनं १५ फेकू नका, तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवा. निघायच्या आधी ३००-४०० किमी घाटात चालवून एक्सल नट आणि झोल पुन्हा तपासा.