तबर जुनी आहे का नवी, कसं ओळखायचं?

सोलापुरी_चादर: नमस्कार मंडळी. आमच्या इकडं एका भंगारवाल्याकडं लोखंडी तबर (लढाईची कुऱ्हाड) बघितली, पातं चंद्रकोरीसारखं, दांडापण लोखंडीच आणि खालचा गोळा फिरवला की आतनं बारीक सुरा निघतो. पात्यावर थोडी सोनेरी वेलबुट्टी आहे. शिवकालीन आहे म्हणतोय, आठ हजार सांगतोय. घेऊ का? आणि घेतली तर गंज लिंबू-मीठ लावून काढला तर चालेल का?

गंजलेली_कट्यार: शिवकालीन म्हटलं की भाव दुप्पट, हे ठरलेलंच आहे. आतनं सुरा निघणाऱ्या तबरी बऱ्याचशा उत्तरेकडच्या असतात, १८व्या-१९व्या शतकातल्या. सोनं उडालंय तिथं भिंगानं बघा, पोलादावर बारीक उभ्याआडव्या रेघांची जाळी दिसते का. कोफ्तगिरीत आधी पोलाद असं खरवडतात आणि मग त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. जाळी नाही तर नुसता मुलामा किंवा रंग समजायचा. पण जाळी दिसली म्हणून पण लगेच पैसे देऊ नका, उदयपूरला हे काम आजही चालतं. खरं म्हणजे नक्षीपेक्षा सांधे बघा, पातं जिथं दांड्याला धरलंय तिथं वेल्डिंगचा मणी किंवा ग्राइंडरच्या सरळ रेघा दिसल्या तर विषय संपला.

भुईकोट: +१. आणि गोळ्याचे आटे बघा हो!! जुने आटे हातानं कानस मारून केलेले, त्यामुळं ओबडधोबड, एक गाळा रुंद तर एक अरुंद. शिवाय पातं किती जाड आहे? लढाईची तबर पातळ असते, लाकूडतोडीची कुऱ्हाड पाचरीसारखी जाड.

अक्कलकोटवाला: लिंबू अजिबात नको दादा! ॲसिड पोलाद खातं, जुनी काळपट झाक जाते आणि ती गेली की किंमतपण गेली. पॉलिश पेपर तर त्याहून वाईट, फौलादावर जोहर (पोलादातलीच लहरीदार नक्षी) असला तर घासून पुसला जाईल. पातळ मशीन ऑइल आणि मऊ फडकं, बास. आणि १०० वर्षांवरची असली तर १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू होते, परदेशात पाठवता येत नाही हे लक्षात असू द्या. घ्यायच्या आधी आमच्याकडं राजवाड्यातलं शस्त्रागार बघून जा, खऱ्या वस्तूवर नजर बसली की फोटो टाकून विचारायची गरज पडत नाही.

सोलापुरी_चादर: आटे बघितले. हार्डवेअरच्या दुकानातला नट नेला होता, गपकन बसला की ओ! भंगारवाला आता दीड हजारात देतो म्हणतोय.

भुईकोट: हजारात मागा, हॉलमध्ये लावायला झकास आहे.