युद्धातली व्यंगचित्रं आणि प्रचार: प्रदर्शनासाठी निवड, ओळी, छपाई

सिडकोकर
नाशिकमधल्या एका कॉलेजच्या इतिहास मंडळासाठी महायुद्धातल्या राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन लावायचंय. २० फलक, ए-२ आकार. बघायला अकरावी ते बी. ए.ची मुलं, शिवाय देवळालीकडचे निवृत्त फौजीही येतील. साधं व्यंगचित्र आणि प्रचार यांतला फरक फलकावर कसा दाखवायचा? भारताशी संबंध असलेलं काय घेता येईल? आणि नेटवरचं चित्र ए-२ला नेलं की रेषा फुटतात, त्याला उपाय काय?

काळीशाई
फरक चित्रात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. चित्र कुणी वाटलं आणि कुणापर्यंत पोचवलं, तिथे बघा.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करा. लुई रामाकर्स हा डच व्यंगचित्रकार, म्हणजे तटस्थ देशातला. ‘डे टेलेग्राफ’मध्ये तो जर्मनांवर तुटून पडत होता, तोवर ती वर्तमानपत्री टीका होती. मग ब्रिटिशांच्या वेलिंग्टन हाउस या प्रचार कचेरीने तीच चित्रं पुस्तिका आणि पोस्टकार्डं करून देशोदेशी धाडली. १९१६ मध्ये सिगारेटच्या पाकिटातून १४० कार्डांचा संचही निघाला. परका माणूस बोलतोय म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो, हे त्या कचेरीने बरोबर हेरलं होतं. या फलकावर मोठ्या चित्राशेजारी सिगारेट-कार्डाची प्रत मूळ आकारातच लावा.

दुसऱ्या महायुद्धात तारीख नसेल तर चित्र मुकं होतं. ब्रिटनमधला व्यंगचित्रकार डेव्हिड लो याचं ‘राँदेव्हू’ (म्हणजे भेट) २० सप्टेंबर १९३९चं. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांना अदबीने शिव्या देतायत, मध्ये प्रेत पडलंय. १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि १७ला रशिया, या दोन तारखा खाली नसतील तर मुलांना ते प्रेत कुणाचं हेच कळणार नाही.

एक फलक मात्र सगळ्यांत ठळक जागी हवा: व्यंगचित्रकार फिलिप झेक, लंडनचा ‘डेली मिरर’, मार्च १९४२. जहाज बुडालंय, अंधाऱ्या समुद्रात एक खलाशी तराफ्याला धरून पडलाय. खाली ओळ एवढीच, की पेट्रोल एक पेनीने महागलं, अधिकृत. झेकला म्हणायचं होतं, पेट्रोल उधळू नका, ते आणताना माणसं मरतात. सरकारने वाचलं, कंपन्यांच्या नफ्यासाठी माणसं मरतायत. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसनने पेपर बंद करण्याची तंबी दिली. झेकची मूळ ओळ बरीच सौम्य होती, ही धारदार ओळ त्याचा सहकारी विल्यम कॉनरने सुचवलेली. मुलांना आधी ओळ झाकून चित्र दाखवा, मग उघडा. प्रचार आणि टीका यांची सीमा कुठे पुसट होते, ते लांबलचक माहितीपत्रापेक्षा इथे चटकन कळेल.

‘तास’ या सोव्हिएत वृत्तसंस्थेच्या ‘तास विंडोज’ पोस्टरांतलं एक तरी घ्या. १९४१च्या जूनपासून निघालेली ही पोस्टरं छापखान्यातली नाहीत, स्टेन्सिल लावून हाताने रंगवलेली आहेत. त्यांतल्या काहींवर दिसणारं कुक्रिनिक्सी म्हणजे एक माणूस नव्हे, तिघा चित्रकारांची मिळून सही आहे. हे नाव हमखास चुकीचं लिहिलं जातं.

भारताचं म्हणाल तर जपान्यांनी हिंदी सैनिकांसाठी काढलेली चित्रपत्रकं बघा. गोरा साहेब मागे सुरक्षित आणि हिंदी शिपाई पुढे मरायला, हा त्यांतला ठरलेला विषय. अक्षरओळख नसलेल्यालाही समजावं अशीच रचना असते.

पंचवटीप्रेस
छपाईचं. ए-२ला १५० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) धरलं तर चित्र किमान २४८० × ३५०८ पिक्सेल हवं. त्याहून लहान फाइल मोठी करत बसू नका, संग्रहालयाच्या साइटवरून मोठी प्रत घ्या किंवा पुस्तकातून स्कॅन करा.

आधी भिंगातून बघा. नुसत्या काळ्या रेषा असतील तर लाइन ब्लॉक, ठिपके दिसले तर हाफटोन. रेषेचं चित्र ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) स्कॅन करून फोटो-सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्सने कागदाचा पिवळेपणा घालवा. थेट काळं-पांढरं स्कॅन केलंत तर बारीक छायारेषा उडतात. हाफटोनला स्कॅनरचं डीस्क्रीन (ठिपके मिसळून टाकणारी सोय) चालू करा, आकार त्यानंतर कमी करा. आधी कमी केलात तर ठिपके आणि पिक्सेल एकमेकांत अडकून लाटा दिसतात, मग त्या जात नाहीत. फाइल टिफ किंवा पीएनजी ठेवा. जेपेग पुन्हापुन्हा सेव्ह केली की रेषेभोवती राख पडल्यासारखी दिसते.

फ्लेक्स नको, ट्यूबलाइट चमकते आणि चित्र दिसतच नाही. मॅट व्हिनाइल ५ मिमी सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर). फुग्यातला इंग्रजी मजकूर खोडून मराठी घालू नका, अक्षरांचं वळण हाही चित्राचा भाग आहे. भाषांतर खाली, २४ पॉइंटपेक्षा लहान नको.

सिडकोकर
झकास. अमेरिकन व्यंगचित्रकार डॉ. स्यूसची जपान्यांवरची चित्रं लावावीत का? काही शिक्षक नको म्हणतायत. आणि कॉपीराइटचं काय?

काळीशाई
लावा, पण सुटं लावू नका. न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ दैनिकातलं त्याचं, जपानी वंशाच्या अमेरिकनांना स्फोटकं घ्यायला रांगेत उभं केलेलं चित्र १३ फेब्रुवारी १९४२चं. १९ तारखेला रूझवेल्टने ज्या आदेशावर सही केली, त्याने एक लाखाहून जास्त लोक छावण्यांत गेले. दोन्ही तारखा एकाच फलकावर, सारख्याच टायपात. सगळ्या चेहऱ्यांना तोच चष्मा, तेच दात आहेत. त्याच काळात हा माणूस हिटलरला मात्र एकटा, स्वतंत्र चेहरा देऊन काढत होता. हिटलरचंही तसं एखादं शेजारी टांगा.

पंचवटीप्रेस
कॉपीराइट भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. लो १९६३ला गेला, म्हणजे इथे २०२४पासून मोकळा. रामाकर्स १९५६, तोही मोकळा. झेक १९८३ आणि स्यूस १९९१, यांची मुदत बाकी आहे, तेव्हा परवानगीचं पत्र आत्ताच पाठवा. उत्तराला वेळ लागतो. स्कॅन ज्या संग्रहालयाचं, त्याच्या अटी वेगळ्या वाचा.

फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर. आणि पावसाळ्यात लावणार असाल तर दुहेरी टेपच्या भरवशावर राहू नका, ओलीने भिंतीचा चुना सुटतो आणि सनबोर्ड रात्रीतून खाली येतो. वर दोन भोकं पाडून नायलॉनची दोरी ओवा.