सत्तरीनंतर वजनं उचलायची का? रिसर्च काय म्हणतो?

प्रश्न: आई ७६ ची, जिना चढताना कठडा सोडत नाही. फिजिओ म्हणतात चालणं प्लस वजनं, मामा म्हणतो या वयात कशाला हाडं मोडून घ्यायची. यावर खरंच काही अभ्यास झालाय का, की सगळं व्हॉट्सॲप ज्ञान?

संध्या_ठाणे: झालाय की! अमेरिकेतली लाइफ स्टडी, २०१४ ला जामा जर्नलमधे आली. ७० ते ८९ वयाचे १६३५ लोक, सगळे बैठे, पण ४०० मीटर चालू शकणारे. एका गटाला चालणं (आठवड्याला १५० मिनिटांचं टार्गेट), पायाला वजनं बांधून व्यायाम, तोल सांभाळायचे प्रकार, आणि दुसऱ्याला आरोग्यावरची लेक्चर्स आणि थोडं हातांचं स्ट्रेचिंग. सरासरी अडीचेक वर्षांत ४०० मीटर चालणं जमेनासं झालेले व्यायामवाल्यांत ३०.१ टक्के, लेक्चरवाल्यांत ३५.५.

बंड्या७: फक्त पाच टक्के? एवढ्यासाठी घाम गाळायचा?

संध्या_ठाणे: अहो शंभरात पाच म्हातारी माणसं स्वतःच्या पायाने भाजी आणायला जातायत, हे कमी आहे का. आणि हे सगळे आधीच थोडे कमजोर झालेले, धडधाकट नव्हेत.

जोशीकाका: वजनांबद्दल १९९० चा बोस्टनचा अभ्यास बघा, नर्सिंग होममधले नव्वदीचे लोक, आठ आठवड्यांत पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. पण होते दहाच जण आणि कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट) नाही, त्यामुळे फार उड्या मारू नका. मामांना म्हणावं, सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून करतात, डंबेल नंतर. बीपी-हार्टचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा.