मदत हवी आहे: मेडिक्लेम असताना क्रिटिकल इलनेस (गंभीर आजारांची) पॉलिसी वेगळी घ्यायची का?

पाथर्डीफाटा:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब झालीये, सांभाळून घ्या.

आमचे हे ४१ वर्षांचे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला. मी ३७, घरी पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. मुलगी चौथीत, सासूबाई ६८, त्यांना बीपी शुगर दोन्ही. कंपनीचा ५ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे, ह्यांचा ५० लाखांचा टर्म प्लॅन (माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा) आहे, त्यामुळे मी निवांत होते की आपलं सगळं झालंय.

मागच्या वर्षी मोठ्या दिरांना गालाचा कॅन्सर निघाला. खोटं कशाला बोलू, हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने जवळजवळ सगळं भरलं. पण ऑपरेशन मुंबईला, मग दर फॉलोअपला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, सोबत एक माणूस, रेडिएशनच्या ३० सिटिंग नाशकातच झाल्या तरी रोजची रिक्षा, नळीतून द्यायची पावडर, तिचा डबा आठवडाभर पण पुरत नाही, आणि ह्यातल्या कशाचंच बिल मेडिक्लेमवाले घेत नाहीत. सात महिने बिनपगारी गेले. जाऊबाईंनी पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, त्या पण हॉस्पिटलसाठी नाही हो, फ्लॅटच्या हप्त्यासाठी!! ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

आता ह्यांचा आतेभाऊ एजंट आहे, तो दोन रविवार येऊन बसतोय. त्याचं म्हणणं क्रिटिकल इलनेस घ्या, आजार निघाला की एकरकमी पैसे हातात, त्याचं तुम्ही काहीही करा. ऐकायला बरं वाटतं. पण एका पत्रकात २० आजार, दुसऱ्यात ६४, जास्त आजार म्हणजे जास्त चांगली असं असतं का? टर्मला रायडर (त्याच पॉलिसीला जोडलेलं जास्तीचं कव्हर) जोडायचा की वेगळी पॉलिसी? तो २५ लाखांच्या मागे लागलाय, मी हिशेब केला तर आमचा कर्जाचा हप्ता १७,५००, घरखर्च, शाळा, औषधं मिळून महिन्याला ४५ हजार, म्हणजे दोन वर्षं घर चालवायला १० लाख ८० हजार. मग १० लाख पुरतील ना? सासूबाईंना पण मिळेल का?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. हे तंबाखू खातात. आतेभाऊ म्हणतो फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढतो, कोण बघायला येतंय. नात्यातला माणूस, त्याला तोंडावर काय बोलणार? पण मनाला पटत नाहीये.

ओझरकर:

ताई, घ्या पण वाचून घ्या. माझं सांगतो. छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफीत दोन ब्लॉक, दोन स्टेंट टाकले. माझ्याकडे १० लाखांची क्रिटिकल पॉलिसी होती, मी खुशीत क्लेम टाकला आणि एक रुपया मिळाला नाही. का तर हार्ट अटॅक आलाच नव्हता, फक्त अँजायना (रक्त कमी पोचल्याने छातीत दुखणं), आणि बायपासच्या व्याख्येत प्रत्यक्ष बायपासचं ऑपरेशन पाहिजे, अँजिओप्लास्टी म्हणजे नळीने स्टेंट टाकणं त्यात बसत नाही. चिडलो, भांडलो, मग पॉलिसीचं पुस्तक उघडलं तर सगळं त्यात लिहिलेलं. काही पॉलिसीत अँजिओप्लास्टी वेगळी घेतलेली असते, थोड्या रकमेपुरती, ते बघा. स्टेंटचे पैसे मेडिक्लेमनेच दिले, त्यामुळे ह्याच्यासाठी मेडिक्लेम बंद करायच्या भानगडीत पडू नका.

उंटवाडी:

मी क्लेमच्याच कामात होते बरीच वर्षं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

६४ आकड्यावर जाऊ नका. कॅन्सर, हार्ट अटॅक, बायपास, पक्षाघात, किडनी, अवयव प्रत्यारोपण हे जवळपास सगळ्यांत असतंच आणि अशा २२ आजारांच्या व्याख्या आयआरडीएआयनेच (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ठरवून दिल्यात, त्या कंपनीगणिक बदलत नाहीत. गोम आहे ती व्याख्येत. कॅन्सर म्हणजे सगळा कॅन्सर नाही, अगदी पहिल्या पायरीवरचा, जिथल्या तिथे असलेला धरत नाहीत, थायरॉइडची छोटी न पसरलेली गाठ पण नाही. पक्षाघात झाला तर त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरही राहिला पाहिजे, तासाभरात हात परत हलायला लागला तर क्लेम नाही. किडनी दोन्ही गेलेल्या आणि डायलिसिस कायमचं किंवा प्रत्यारोपण.

मग दोन मुदती. पॉलिसी घेतल्यापासून साधारण पहिले ९० दिवस काही निघालं तर मिळत नाही. आणि निदान झाल्यावर बहुतेक ठिकाणी ३० दिवस माणूस जिवंत राहावा लागतो, नाहीतर ही पॉलिसी काही देत नाही. वाईट वाटेल ऐकायला, पण तिथे तुमचा टर्म प्लॅन कामाला येतो, म्हणून तो हलवू नका. आणि हो, एकदा रक्कम मिळाली की बहुतेक पॉलिसी तिथेच संपते.

रायडरचं असं की एका प्रकारात रायडरचे पैसे टर्ममधूनच वजा होतात. म्हणजे १० लाख आजाराला घेतले तर मागे ४० च उरतात. दुसऱ्या प्रकारात ते वरचे, ५० तसेच राहतात. आतेभावाला नेमकं हेच विचारा, की टर्म कमी होतो का. वेगळ्या पॉलिसीत हा घोळ नाही पण वयाचा टप्पा ओलांडला की प्रीमियम चढतो.

रकमेचं तुमचं गणित बरोबर दिशेने आहे. फक्त त्यात सोबतच्या माणसाचं राहणं, जाणं-येणं आणि मेडिक्लेमचे ५ लाख संपले तर वरचं बिल हे धरा. मी तुमच्या जागी असते तर १५ घेतली असती. ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो हे पण डोक्यात ठेवा.

सासूबाईंना ६५ नंतर बहुतेक ठिकाणी नवीन मिळतच नाही. रेशन कार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, ते बघून ठेवा. तिथेही हातात रोकड मिळत नाही, उपचारच मिळतात.

तंबाखूचं मात्र लिहाच. लिहायचं म्हणजे लिहायचं. कॅन्सरचा क्लेम आला की कंपनी पहिले केसपेपर मागवते आणि डॉक्टर त्यात तंबाखूचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवतात. सख्ख्या भावाला कॅन्सर हे पण फॉर्मवर विचारलं असेल तर लिहा. प्रीमियम वाढेल तो वाढू दे.

नाशिकरोडवाला:

तीन छोट्या गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, कोटेशनमध्ये १८ टक्के लावलेले दिसले तर जुनं कोटेशन समजा. आणि प्रीमियमवरची टॅक्स वजावट (८०डी म्हणतात ती) फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत, एजंट लोक हे सांगत नाहीत. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते.

ओझरकर:

अजून एक विचारू का ताई? पूर्ण पोस्टमध्ये सगळं ह्यांच्यासाठी आणि सासूबाईंसाठी. तुमच्या नावाची कुठे आहे? तुम्ही सहा महिने अंथरुणाला खिळलात तर शिकवण्या कोण घेणार, आणि घर?

पाथर्डीफाटा:

ओझरकर दादा, खरं सांगते, डोक्यातच आलं नव्हतं. शिकवण्यांचे महिन्याला १४ हजार येतात आणि ते मी कधी पगार म्हणून धरलेच नाहीत, हिशेबाच्या ४५ हजारांच्या खर्चाला ते पण लागतात हे पण लक्षात आलं नाही.

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. आतेभावाला फोन लावला, रायडरने टर्म कमी होतो का विचारलं, तर म्हणे बघून सांगतो. म्हटलं बघ. तोवर आम्ही दोघांच्या वेगळ्या पॉलिसीचे फॉर्म आणलेत, ह्यांची १५ ची, माझी १० ची.

तंबाखूचा रकाना आला तेव्हा मी पेन ह्यांच्याच हातात दिला. दिवसाला किती पुड्या, असं विचारलेलं. लग्नाला १३ वर्षं झाली, मला एक माहीत होती. ह्यांनी खाली मान घालून चार लिहिलं.