रायफलची नवी नळी: एक गोळी, एक पुसणं. गरज की कर्मकांड?

दादरकर_५०मी
मी वरळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू रायफल मारणारा, त्यामुळे काडतुसं तयार, डब्यातली. (आपल्याकडे घरी काडतूस भरायचं तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ चा परवाना लागतो.) मेहुणा मात्र टेक्सासात. सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर काडतुसाच्या रायफलला नवी बॅरल (नळी) बसवली आणि दोन शनिवार एकेक गोळी मारून नळी पुसत बसला. त्याच गोळ्यांवरून घरी काडतुसं भरायचं पावडरचं मापही ठरवलं: १४० ग्रेन वजनाची बुलेट, सेकंदाला २६९० फूट. दीडशे गोळ्या झाल्या, आता तेच माप २७४० दाखवतंय आणि बोल्ट (काडतूस आत कोंडणारा खटका) उचलताना जोर लावावा लागतोय. पुसण्याचा उपयोग काय झाला? सरळ शंभर गोळ्या झाडा, मग माप ठरवा.

लेथवाला_भांडुप
बोल्ट जड म्हणजे प्रेशर वाढलंय. आधी त्याला माप खाली आणायला सांगा, वाद नंतर घालू.

आता वाद. कारखान्यातून नळी लॅप होऊन, म्हणजे आतून घासून गुळगुळीत होऊन, आली तरी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कापणारा रीमर त्यानंतर फिरतो. थ्रोटमध्ये, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढे, त्याच्या खुणा आडव्या पडतात आणि बुलेट जाते सरळ. किसणीवर खोबरं जावं तसं तांब्याचं आवरण खरवडतं, ते गरम वायूबरोबर पुढे जाऊन नळीला चिकटतं. न पुसता मारत राहिलात तर तांब्यावर तांबं चढतं, काढताना जीव जातो. म्हणून एक गोळी, एक पुसणं. पुसायच्या कापडाचा तुकडा (पॅच) तांब्याने निळा यायचा थांबला की आपणही थांबायचं. चांगल्या नळीला पाच-दहा गोळ्यांत होतं. दोन शनिवार कसले लावले?

बिडाचा_तवा
पाच-दहा गोळ्यांत होतं, तर ते नुसत्या मारण्यानेही झालं असतं. तव्यावरचं पहिलं घावन चिकटतं म्हणून कोणी दर घावनाला तवा घासत नाही. उलट रॉड सरळ धरणारा गाईड न लावता पुसायचा रॉड घातला की तोच थ्रोट घासला जातो. क्रीडमूरची नळी अडीच-तीन हजार गोळ्यांची धनी, त्यात पुसून पुसून काय मिळवणार?

लेथवाला_भांडुप
गाईड न लावणाऱ्याचा दोष पुसण्यावर का? आणि तवा काळा झालेला चालतो, नळीत तांब्याचे थर चालत नाहीत.

वेगाबद्दल मात्र दादरकरांशी सहमत. नवी नळी पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत बऱ्याचदा वेग वाढवते. त्याआधी ठरवलेलं माप हे बाळंतपणाआधी शिवलेलं झबलं.

दादरकर_५०मी
म्हणजे अर्धं माझंच खरं! टू-टूला तर हा प्रश्नच नाही. शिशाची गोळी, वर मेणाचं वंगण, तांबं येणार कुठून? पुसल्यावर उलट गट जमायला, म्हणजे नेम पुन्हा एका जागी पडायला, काही गोळ्या जातात.

बिडाचा_तवा
पावसाळ्यात तीही पुसा हो. वरळीची हवा लोखंडाला सोडत नाही.

दादरकर_५०मी
ते करतोच. आत्ताच मेहुण्याला फोन केला. जुन्या मापाची साठ काडतुसं भरून ठेवली होती. गॅरेजमध्ये बसून बुलेट काढायच्या हातोडीसारख्या पुलरने एकेक आपटून उघडतोय. ताईने ठोकाठोक ऐकून विचारलं, खिळे मारतोयस का?