शेवट बिनसला तर मालिकेनं पाटी कोरी करावी का? (अनुभव धागा)

सांजवारा:
परवा रात्री एकच्या सुमारास भाचा खोलीतून बाहेर आला आणि पाण्याची बाटली हातात धरून नुसताच उभा राहिला. 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेम मालिकेचे तिन्ही भाग त्याने सलग खेळले, २०२१ च्या लेजेंडरी एडिशनवर (तिन्ही एकत्र, नव्याने काढलेले). म्हणाला, "मामा, लाल, निळा, हिरवा. बरोबर कुठला?" म्हटलं, घे कुठलाही. पाऊण तासाने परत आला. "एवढंच?"

हेच 'एवढंच' मी मार्च २०१२ मध्ये म्हटलं होतं, जरा जास्त शिव्यांसकट. २००७ पासून एकच शेपर्ड, म्हणजे आपला नायक, या भागातून त्या भागात उचलून नेलेला. साथीदार रेक्सला वाचवलं, दुसऱ्या भागातल्या आत्मघातकी मोहिमेतून अख्खी टीम जिवंत आणली, आणि शेवटी एक पारदर्शक पोरगं येऊन तीन रस्ते दाखवतं. प्रकाशाचा रंग सोडला तर फरक शोधावा लागत होता. जूनमध्ये शेवट वाढवून सांगणारा फुकटचा एक्स्टेंडेड कट आला, त्याने बरीच फुंकर घातली. पण ठसठस राहिलीच.

मग २०१७ ला मालिकेतला पुढचा गेम, अँड्रोमेडा. पाटी कोरी! सहाशे वर्षं पुढे, २५ लाख प्रकाशवर्षं लांब, आणि माणसं तिसऱ्या भागाच्या आधीच निघालेली, म्हणजे कुणी कुठला रंग निवडला हा प्रश्नच नको. शिताफीने सुटले. पण खेळताना मला सारखं वाटायचं की घरातलं भांडण अर्धवट टाकून आलोय आणि मागे काय झालं ते कुणी सांगतच नाहीये.

तुमचं असं कुठल्या मालिकेशी बिनसलंय का? मग काय केलंत? नुसती मतं नकोत, अनुभव लिहा. स्पॉयलर चालतील.

रुमालवाला:
पहिला! रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

खटपटी_ताई:
मी त्या पोरावर गोळी झाडली होती. मार्चमध्ये झाडली तेव्हा काहीच झालं नाही, ढिम्म. एक्स्टेंडेड कट आल्यावर पुन्हा तिथवर गेले आणि सवयीने परत झाडली. त्याचा आवाज एकदम खर्जात गेला, पाठ फिरवून चालू पडला, आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळी आकाशगंगा हरली. गोळी झाडणं हाच आता चौथा शेवट केलाय हे मला कुठे माहीत! लेक तेव्हा तीन महिन्यांची, शेजारी झोपलेली, ओरडायचीही सोय नाही.
खरं सांगू? तोच शेवट मला सगळ्यात पटला. नवी सुरुवात करायची असेल तर तिथून करा म्हणावं.

आळशी_कासव:
ताई हहपुवा 😂 "सवयीने झाडली"

पीएसथ्रीवाला:
माझं उलटं. पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर पहिला भाग नव्हताच तेव्हा. दुसरा २०११ ला आला, त्यात सुरुवातीला एक कॉमिक, पंधराएक मिनिटांत पहिल्या भागाचे सगळे निर्णय उरकून घ्या. रेक्स जगला की मेला ते मी एका चित्रावर बटण दाबून ठरवलं. त्यामुळे तुमच्यासारखा जीव गुंतला नव्हता. मला शेवट ठीकच वाटला. (पळतो)

सांजवारा:
पळू नका, बसा. तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, ज्याने कमी लावलं त्याला कमी लागलं.

चष्मिष्ट:
शेवटाचं सोडा, माझा तर चेहराच आला नाही. पहिल्या भागात दोन तास खपून बनवलेला शेपर्ड तिसऱ्याने ओळखलाच नाही, म्हणे नवीन चेहरा बनवा. एप्रिलमध्ये दुरुस्तीचा पॅच आला तोवर मी परक्या माणसाने जग वाचवून मोकळा झालो होतो. कोरी पाटी मला न मागता मिळाली.

गल्लीबोळ:
कुणी मल्टिप्लेअर खेळायचं का? तिसऱ्या भागात युद्धाची तयारी ५० टक्क्यांवर अडकलेली असायची, चांगला शेवट हवा तर ऑनलाइन खेळा. मी शेवटासाठी गेलो आणि दोन वर्षं तिथेच राहिलो. शेवट काय होता तेही विसरलो.

आळशी_कासव:
कुठली पातळी, गोल्ड की ब्राँझ?

गल्लीबोळ:
गोल्ड. तू पात्राचा कुठला वर्ग घ्यायचास?

आळशी_कासव:
व्हॅनगार्ड. दर फेरीत पहिला मरायचो

गल्लीबोळ:
तूच होतास का तो!! दरवेळी उचलायला मीच यायचो 😡

जुना_पीसी:
पोरांनो, १९९६ चा डॅगरफॉल हा गेम घ्या. शेवट अनेक, एकमेकांशी न जुळणारे. पुढचा भाग करताना खरा कुठला मानायचा? त्यांनी सगळेच खरे मानले! काळालाच तडा गेला आणि सगळं एकदम घडलं. पुढच्या भागांतल्या पुस्तकांत चक्क तसा 'इतिहास' वाचायला मिळतो. अख्ख्या वर्गाला पास करणारा मास्तर. मला तेव्हा पळवाट वाटली होती, आता वाटतं डोकं लढवलंय.

कावळी:
लाइफ इज स्ट्रेंज. २०१५. शेवटी एकच वाचवायचं, गाव की मैत्रीण क्लोई? मी रात्री दोन वाजता अख्खं गाव वादळात जाऊ दिलं क्लोईसाठी. नायिका आणि क्लोई गाडीतून निघून जातात तिथे मी नाक शिंकरत बसले होते.
२०२४ ला त्याचा पुढचा भाग, डबल एक्स्पोजर. सुरुवातीलाच बोलता बोलता विचारतात, तेव्हा काय निवडलं होतंस. मी खूश, म्हटलं मान ठेवला माझ्या निर्णयाचा. आणि मग कळतं की दोघी वेगळ्या झाल्या. अगं मी गाव गमावलं हिच्यासाठी!! यापेक्षा कोरी पाटी परवडली असती. हे तर माझ्याच पाटीवर दुसऱ्याने गिरवून ठेवल्यासारखं झालं. अजून पूर्ण केला नाहीये.

खटपटी_ताई:
कावळे 🫂 मी घेणार होते तो गेम. राहू दे आता.

दीडशहाणा:
डेव्हिल मे क्राय २०१३. नायक दांतेचे पांढरे केस काळे करून "नवी सुरुवात". खेळायला मजा यायची खरं तर, पण लोक केसांवरच अडकले. २०१९ ला गुपचूप जुन्या गोष्टीवर परत, पाचवा भाग म्हणून. झालं.

बाकावरचा:
गॉड ऑफ वॉर २०१८ कुणीच कसा काढला नाही? ग्रीस संपलं, देव सगळे मारून झाले, आता हा दाढीवाला बाबा क्रेटॉस उत्तरेच्या बर्फात मुलाला शिकार शिकवतोय, हातात कुऱ्हाड. मला वाटलं, चला, जुनं सगळं विसरायचं ठरलेलं दिसतंय. हातांवर पट्ट्या गुंडाळलेल्या पहिल्या मिनिटापासून दिसत होत्या, मी त्याला फॅशन समजलो.
मग पोरगं आजारी पडतं. बाबा एकटाच घरी येतो, जमिनीखाली दडवलेलं गाठोडं सोडतो, आत जुन्या भागांतली तीच साखळ्यांची पाती. ती गुंडाळून गुंडाळून भाजलेले हात होते ते! मी कंट्रोलर खाली ठेवला आणि पाच मिनिटं काही केलं नाही. नवीन सुरुवात ही अशी असते राव. गाव बदललं, शस्त्र बदललं, पण हात तेच.
अवांतर: माझ्या कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप सरकते, क्रेटॉस भिंतीला घासत चालतो. उपाय?

चष्मिष्ट:
सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिक किती सरकेपर्यंत गेमने दुर्लक्ष करायचं ते) वाढवून बघा. नाहीच जमलं तर स्टिक बदलून घ्या.

शाईपेन:
तिसऱ्या मास इफेक्टवर चिडलेल्या चाहत्यांनी स्टुडिओला शेकडो कपकेक पाठवले होते आठवतं का? लाल, निळे, हिरवे. तिन्हीची चव एकच. याहून नेमकं परीक्षण मी कुठे वाचलं नाही. दुसऱ्या एका गटाने तेव्हा ८० हजार डॉलरच्या वर देणगी गोळा केली, मुलांच्या इस्पितळांना खेळणी-गेम देणाऱ्या संस्थेसाठी. रागावावं तर असं.

सांजवारा:
बाकावरचा, हात तेच हे मला लिहायचं होतं, जमलं नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात आलेला पुढच्या मास इफेक्टचा टीझर बघा, वय झालेली शेपर्डची साथीदार लियारा बर्फातून चिलखताचा तुकडा उचलते, हाताने पुसते आणि हसते. तिसऱ्या भागाच्या शेवटी शेपर्डचा श्वास फक्त लाल रंगातच ऐकू येतो, म्हणजे बहुतेक लाल धरून चालणार. हिरवावाल्यांनो, माफ करा. पण निदान घरी तरी परत जातायत.

भाच्याने काल पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केलंय. म्हणतो यावेळी रेक्सला मारून बघतो.

खटपटी_ताई:
त्याला म्हणावं हात लावून तर बघ रेक्सला!

आळशी_कासव:
रुमालवाले कुठे गेले? रुमाल तसाच पडलाय सकाळपासून

रुमालवाला:
अहो मी तिसऱ्या भागात अर्ध्यावर आहे. धाग्याचं नाव बघून आलो होतो, खाली वाचायला नको होतं 😭