मॅक्रो कुठपर्यंत वापरावा आणि स्क्रिप्ट कुठून सुरू करावी?

हळदनोंदी, सांगली
आमच्या अडत दुकानातील हळदीच्या जुन्या सौद्यांच्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. ओळीत तारीख, हॅश चिन्हामागे वक्कल (विक्रीच्या मालाचा गट) क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, पोती आणि भाव असा क्रम आहे. तारीख वर्षापासून सुरू व्हावी आणि वक्कल क्रमांक शेवटी जावा, म्हणून विम या टेक्स्ट एडिटरमध्ये मॅक्रो (दाबलेल्या कळांची नोंद, जी पुन्हा पुन्हा चालवता येते) रेकॉर्ड करून तो ९०० वेळा चालवला. ज्या ओळीत वक्कल क्रमांकच नव्हता, तेथे त्याने पुढच्या ओळीतला उचलला आणि तेथून खाली सगळाच गोंधळ झाला. आता मॅक्रोऐवजी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिण्यासाठी विमची विमस्क्रिप्ट, लुआ की ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरची ईमॅक्स लिस्प, यांपैकी कोणती भाषा शिकावी?

कृष्णाकाठ
भाषेचा विचार नंतर करावा. आपण हॅशपर्यंत जाण्यासाठी बहुधा स्लॅशचा शोध वापरला असावा, आणि तो ओळीची हद्द पाळत नाही. 'एफ' कळेचा शोध मात्र चालू ओळीपुरताच असतो व चिन्ह न सापडल्यास मॅक्रो तेथेच थांबतो. तरीही ९०० हा आकडा देऊन चालवल्यास पहिल्या अपयशालाच सगळी फेरी थांबेल, म्हणून सर्व ओळींवर 'नॉर्मल' आदेशाने मॅक्रो चालवावा, म्हणजे एका ओळीचे अपयश दुसरीला बाधत नाही. हॅश शोधण्याची पायरी अगदी पहिली ठेवावी, नाहीतर अर्धवट बदललेल्या ओळी हुडकत बसावे लागेल. मॅक्रो म्हणजे रजिस्टरमधला (विमच्या मजकूर साठवण्याच्या कप्प्यातला) मजकूरच असल्याने तो फाइलमध्ये उतरवून, दुरुस्त करून परत रजिस्टरमध्ये घेता येतो.

अजिंक्यतारा, सातारा
वरील उत्तराशी सहमत आहे. भाषेविषयी सांगायचे तर, ईमॅक्सचा जन्मच १९७६ मध्ये टेको या एडिटरच्या मॅक्रोंचा संच म्हणून झाला आणि जीएनयू ईमॅक्सचा बराचसा भाग लिस्पमध्येच लिहिलेला आहे. पण ९०० ओळींसाठी एडिटर बदलणे मला पटत नाही. विमस्क्रिप्ट विमबाहेर फारशी उपयोगी पडत नाही. लुआ विमवरूनच बनलेल्या निओविम या एडिटरमध्ये अंगभूत आहे आणि इतरत्रही चालते, म्हणून पुढे शिकायचीच झाल्यास ती घ्यावी. मात्र नावे देवनागरीत असतील तर जपावे: लुआ स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये मोजते, त्यामुळे यूटीएफ-८ मधील (देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवणाऱ्या पद्धतीतील) 'हळद' हा शब्द तिला ३ नव्हे, ९ लांबीचा दिसतो आणि मधेच कापल्यास अक्षर फुटते.

हळदनोंदी, सांगली
शोध स्लॅशचाच होता. 'एफ' वापरून पुन्हा चालवले. क्रमांक नसलेल्या ४१ ओळी जुन्या तारखेमुळे लगेच ओळखू आल्या आणि त्या वहीवरून हाताने भरतो आहे.